चाखणं सुटलं ते वर्ष

मी ढाब्यावरचा आचारी. चौक गावाला, जुन्या हायवेच्या कडेला, एकाच भट्टीपुढे माझी तेवीस वर्षं गेली. सकाळी मिसळ, दुपारपासून मटण, चिकन, दाल, अंडाकरी. गल्ल्यावर मालक आणि आत मी, अशी आमची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. काही मोजून टाकायची मला सवय नव्हती. टोप केवढाही असो, मुठीनं मीठ टाकायचं, पळीतले दोन थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे, आणि लागेल तसं वरून घालायचं. नेहमीचे ड्रायव्हर गंमतीनं म्हणायचे, "याच्या तळहाताला कायम मसाल्याचा वास येतो." मला ते ऐकायला आवडायचं.

त्या सकाळी थंडी होती. साडेआठला मिसळीची गर्दी असते. पुण्याकडून आलेले टेंपो बाहेर ओळीनं उभे होते. मोठ्या टोपात मिसळीचा कट उकळत होता. मी चाखून बघितला, मीठ कमी वाटलं. मागं भाकऱ्या थापायला एक मावशी बसतात. डोंगराखालच्या आदिवासी वाडीतल्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना म्हटलं, मीठ द्या.

निदान मला वाटलं की मी मीठ म्हणालो.

मावशी म्हणाल्या, "कंची गाडी?"

मी पुन्हा सांगितलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "गाडी दे, गाडी दे, काय चाललंय? कंची गाडी?"

मला राग आला. साधं मीठ मागतोय आणि या काय गाडीचं विचारतायत! मी हात लांब करून डब्याकडं दाखवायला गेलो. तेवढ्यात खाली भांडं पडल्याचा आवाज आला. बघतो तर माझ्याच हातातली पळी पडली होती. हातातून ती कधी सुटली ते मला कळलंच नव्हतं.

मावशी पिठाच्या हातांनी उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बाहेर ओरडल्या, "ओ शेठ! आत या. यांचं तोंड वाकडं झालंय."

कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. मावशींनी तो बाजूला सारला. "पाणी नको. गिळता येतंय का नाय कुणास ठाऊक. माज्या सासूला असंच झालं व्हतं. पयले दवाखान्यात न्या."

मालकांनी गल्ला उघडा टाकला, मला गाडीत बसवलं आणि पनवेलला नेलं. वाटेत ते सारखे माझ्याशी बोलत होते. "काय नाय होत. ऐकतोयस ना रं?" मी मान हलवत होतो. बाहेरच्या पाट्या मला वाचता येत होत्या. एकही शब्द तोंडातून निघत नव्हता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. डोक्याचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढं एक पेन धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मला ते माहीत होतं. भाजीची यादी मी रोज त्यानंच लिहितो. त्या वस्तूचं मला सगळं माहीत होतं, फक्त नाव सापडत नव्हतं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. तेही नाही. मी रडायला लागलो. मोठा बाप्या माणूस, नर्ससमोर रडतोय, याची लाजही वाटत होती आणि थांबताही येत नव्हतं.

दुपारपर्यंत हात हलायला लागला. बायको कामावर होती; तिकडून, कशेळ्याहून जीपनं, मग एसटीनं ती येऊन पोचली, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आलीस?" ती दारातच थांबली. मालकांनी तिला फोनवर सांगितलं होतं की याची वाचा गेलीय. ती स्टुलावर बसली आणि तिनं पदर तोंडावर धरला.

तीन दिवस मला तिथं ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "मेंदूकडं जाणाऱ्या एका नळीत गुठळी अडकली होती. ती आपोआप सुटली. याला इशारा समजा. पुढच्या वेळी ती सुटेलच असं नाही." रक्तदाब फार चढलेला होता. कधीपासून असेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कधी मोजलाच नाय." मी तंबाखू खायचो, ती त्यांनी तिथल्या तिथं बंद करायला लावली. मग विचारलं, "जेवता काय?"

शब्द सगळे परत आले होते, पण जेवणाचं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, "जेवत नाय मी. चाखतो. दुपारी चारला थोडा भात आणि टोपात उरलेला रस्सा."

"दिवसातून किती वेळा चाखता?"

मी कधी मोजलं नव्हतं. बायको म्हणाली, "यांच्या हातावर कायम रस्सा असतो."

मग मी डॉक्टरबाईंना वडलांचं सांगितलं. शेतमजुरी सुटली आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. पाच वर्षं खाटेवर होते. शेवटी शेवटी मला स्वतःचा धाकटा भाऊ समजायचे, आईला ओळखायचेच नाहीत. आम्ही ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मेंदूला नीट रक्त मिळालं नाही की माणूस असाही विसरायला लागतो. जेवण सुधारलं की सगळं टळतं, असं मी सांगणार नाही. गोळ्या रोज घ्याव्याच लागतील. पण मीठ, तेल, पालेभाजी, चालणं, एवढं तरी तुमच्या हातात आहे."

परत येताना बायको एसटीत गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती अंगणवाडी सेविका आहे. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथं ती गेली सतरा वर्षं चढून जाते. गरोदर बायांना हिरव्या भाज्या खा म्हणून सांगते, पोरांचं वजन करते, भिंतीवर आहाराचे तक्ते लावते. कर्जत आलं तेव्हा ती म्हणाली, "लोकांच्या पोरांना कडधान्य खा म्हणून सांगत फिरले, आणि घरात तुमी काय खाता ते बघितलं नाय."

"तू काय करणार? मी घरी जेवायलाच नसतो."

"तेच सांगते. ते मी चालू दिलं."

आमचं घर कर्जतच्या पुढं, कशेळ्याच्या वाटेवर. घरी आल्यावर कळलं की तिनं आधीच शेजारणीला फोन करून सगळी आवराआवर करायला सांगितली होती. पापडाची बरणी, लोणचं, सुक्या बोंबलांचा डबा, फरसाणाची पिशवी, सगळं गेलं होतं. मुलं कामाधंद्याला बाहेर, घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं ताट आलं. नाचणीची भाकरी, मुगाची आमटी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, काकडी. भाकरीत मीठ नव्हतं. आमटीत होतं म्हणे, मला ते लागलं नाही. मी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि ताट पुढं सरकवलं.

"हे आजाऱ्याचं जेवण हाय."

"आजारीच हाय की तुमी."

मी उठलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. आतून काहीच आवाज येईना म्हणून डोकावून बघितलं. तिनं माझं ताट स्वतःपुढं ओढलं होतं आणि माझी उष्टी भाकरी ती शांतपणे खात होती. आपलं ताट संपवलं होतं, आता माझं. सगळं संपवून तिनं हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणाली, "माझ्यासाठी येगळं कायबी शिजणार नाय. तुमी खाल तेच मी खाणार. मग ते बेचव असलं तर मलाबी बेचव."

पुढचे नऊ-दहा दिवस मी तोंड पाडून जेवलो. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. मग एका सकाळी, तिची अंगणवाडीला जायची घाई चाललेली, मी उठून गॅसपाशी गेलो. खरं सांगायचं तर तेवीस वर्षांत मी घरी कधी स्वयंपाक केला नव्हता. दिवसभर तेच काम, घरी कोण करणार. त्या दिवशी एक चमचा तेल घेतलं, अगदी एकच, आणि लसणाच्या दहा-बारा पाकळ्या ठेचून मंद आचेवर ठेवल्या. ढाब्यावर एवढा वेळ मिळत नाही. तिथं तेल भरपूर ओतायचं, आच मोठी करायची आणि मोकळं व्हायचं. इथं मी लसूण बदामी होईपर्यंत उभा राहिलो. त्यात मिरची, मग उकडलेला पाला, वरून भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, आणि उतरवताना कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट आंबट रस, तेही बिनमिठाचं. मीठ तिनं ठरवून दिलं होतं तेवढंच, पण शेवटी भुरभुरलं. शेवटी घातलेलं मीठ आधी जिभेला लागतं, एवढं तर मला माहीत होतं. फक्त कधी गरज पडली नव्हती.

बायकोनं उभ्या उभ्या एक घास खाल्ला. "हे काय केलंत?"

"तुझीच भाजी."

त्या दिवशी तिनं डब्यात तीच नेली. तेव्हापासून घरचा सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं आला.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी कशेळ्याच्या रस्त्यानं सकाळी निघायचो. एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. चालताना जे दिसेल त्याचं नाव मी मनात म्हणत जायचो. खांब. मोरी. एसटीचा थांबा. म्हैस. गवताचा भारा. शब्द परत गेले तर लगेच कळायला हवं, म्हणून. एके दिवशी बायको सोबत होती. रस्त्याच्या वळणावर एक झाड आहे, लहानपणापासून बघतोय, आणि त्याचं नाव मला आठवेना. मी थांबलो.

"काय झालं वो?"

मी झाडाकडं बोट केलं. "याला काय म्हणतात?"

तिनं वर बघितलं. एक पान तोडून हातात घेतलं. "मलाबी आठवंना," ती म्हणाली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला त्या झाडाकडं बघत उभे. मग समोरून एक सायकलवाला आला, तिनं त्याला थांबवून विचारलं. "करंज," तो म्हणाला, आणि आमच्याकडं वळून वळून बघत निघून गेला. तिला हसू आवरेना. मलाही. माणूस एरवीही विसरतो, एवढी साधी गोष्ट मी त्या भीतीत विसरून गेलो होतो. त्यानंतर नावं म्हणत चालणं हळूहळू सुटलं.

दीड महिन्यानं मी ढाब्यावर परत गेलो. मोटारसायकल डॉक्टरांनी काही दिवस बंद केली होती, म्हणून जीप आणि एसटी. मालकांनी दुसरा आचारी ठेवला नव्हता. स्वतः आणि मावशी मिळून कसंबसं निभावलं होतं. मी भट्टीपुढं उभा राहिलो, टोप चढवला, पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले आणि चाटले. तोंडात समुद्राचं पाणी गेल्यासारखं झालं. मावशींना म्हटलं, "आज मीठ फार पडलं." त्या म्हणाल्या, "तुमीच टाकलंत. रोजच्यासारखंच दिसत व्हतं."

मग मी कमी टाकायला लागलो. माझ्या जिभेला बरोबर लागेल इतकं. चौथ्या दिवशी बाहेर गिऱ्हाइकांनी मिठाच्या वाट्या मागायला सुरुवात केली. एक जुना ड्रायव्हर, पुण्याहून आठवड्यातून तीनदा माल घेऊन येणारा, थेट आत डोकावला. "काय आचारी, दवाखान्यात चव ठेवून आलास का?"

तो गंमत करत होता. मला मात्र ते लागलं. आचाऱ्याची जीभ बदलली तर त्याच्याकडं राहिलं काय? मी मालकांना म्हणालो, "दुसरा माणूस बघा. माझं आता जमणार नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक लवकर आत आले, किराण्याचा वजनकाटा घेऊन. म्हणाले, "आज तू चाखायचं नाय. मी चाखतो." मिठाचा डबा काट्यावर ठेवला. मी चमच्यानं टाकायचो, ढवळायचो, ते चाखायचे. "अजून." मी टाकायचो. "अजून थोडं." मावशी मागून म्हणाल्या, "दोन बाप्ये मिळून एक टोप शिजवताहेत." शेवटी मालक म्हणाले, "बास. हीच आपली चव." डबा पुन्हा काट्यावर ठेवला आणि जेवढं मीठ कमी झालं होतं तेवढं त्यांनी एका ताटलीत काढून बघितलं. पांढरा ढीग झाला. ते त्याच्याकडं बघत राहिले.

"एवढं जातं?"

"जातं."

"मी रोज दोन येळा हेच खातो," ते म्हणाले. दुपारी ते गल्ला मावशींच्या हवाली करून कुठंतरी गेले आणि तासाभरानं परत आले. रक्तदाब मोजून आले होते. त्यांनाही गोळी सुरू झाली.

मग आम्ही दोघांनी मिळून एक ठरवलं, ते बाहेर कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक पदार्थाचं मीठ आणि तेल मापानं टाकायचं, आणि दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी करत जायचं. गिऱ्हाईकाच्या लक्षात येणार नाही इतकं थोडं. मी भट्टीशेजारी भिंतीवर मापं लिहून ठेवली. तेवीस वर्षं मुठीनं टाकणारा मी, चमचा सपाट करून टाकायला लागलो. पहिले काही दिवस मला स्वतःचीच कीव आली. पुढं लक्षात आलं की चाखणं सुटल्यामुळे मी नाकानं आणि कानानं जास्त बघायला लागलोय. कांदा कधी झाला ते वासावरून, रस्सा कधी आटला ते बुडबुड्यांच्या आवाजावरून. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा दोघा-तिघांनी मीठ मागितलं, तेव्हा आम्ही तिथंच थांबलो. त्याच्या खाली गेलो नाही. ढाबा चालवायचा होता.

कामगारांचं जेवण मात्र माझ्या हातात होतं. आधी आम्ही सगळे उरलेल्या रश्शात भात कालवून खायचो. मावशींना तो रस्सा कधीच आवडला नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "जळजळ व्हते," त्या म्हणाल्या. "पण तुमी आपुलकीनं वाढायचा, कसं सांगू?" आता दुपारी मी वेगळं करायला लागलो. मोड आलेले वाल, मटकी, कधी बांगडा तव्यावर, भाकरी अर्धी नाचणीची. पावसाळा लागल्यावर मावशी त्यांच्या माळावरून, बांधावरून पाला आणायला लागल्या. टाकळा, कुरडू, भारंगी. कुठला पाला उकडून पाणी काढायचं, कुठला तसाच परतायचा, हे त्यांनी मला सांगितलं. एक पाला मी न उकडता टाकला तर त्यांनी कढईच काढून घेतली. "घसा खाजंल सगळ्यांचा."

आमची ताटं त्या जुन्या ड्रायव्हरनं बघितली. "हे आमाला का नाय देत?" मालक म्हणाले, "ढाब्यावर पाला कोण खाणार?" तो म्हणाला, "मी." मग त्याला वाढलं. त्याच्यामागं अजून दोघं-तिघं मागायला लागले. मालकांनी फळ्यावर ते कधी लिहिलं नाही. मागेल त्याला मिळायचं. काही दिवस सगळं संपायचं, काही दिवस उरायचं आणि मावशी घरी न्यायच्या. दिवाळीनंतर पाला संपला तेव्हा तेही बंद झालं. पुढच्या पावसात परत सुरू झालं.

माझा मोठा भाऊ खोपोलीच्या शिळफाट्याला राहतो. कंपनीतून निवृत्त झालेला, वहिनी गेल्यापासून एकटाच. रोज संध्याकाळी बाजारात जाऊन दोन वडापाव आणि कांदाभजी, हेच त्याचं रात्रीचं जेवण. वडलांचं झालं, माझं झालं, म्हणून बायको माझ्यामागं लागली होती की दादांना सांगून बघा. मी गेलो. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "गावात लोकांच्या घरी भात शिजायचा, तवा आपल्या घरी काय व्हतं? आठवतं?"

"आठवतं. नाचणीची पेज."

"आणि आई बांधावरचा पाला खुडून आणायची. त्यात तेलाचा थेंब नसायचा. मिठाचा खडा मोजून टाकायची. तवा कुणी तक्ता घेऊन आला नाय आपल्याकडं. आता दोन घास सुखाचे मिळतात तर तू मला परत तेच खायला सांगतोस?"

आमच्या घरातून पहिला पगार त्यानंच आणला होता. त्या पगारातून त्यानं गोड्या तेलाचा डबा आणला, आणि आईनं त्या दिवशी पुऱ्या तळल्या होत्या. त्याच्या मनात जेवणाचा अर्थ तिथून सुरू होतो. मी चहा घेऊन परत आलो.

मग ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दादांचं खोटं नाय. पण तवा भुकेपोटी खायचो. आता पोटभर खायचंय, डाळ, मासळी, सगळं लावून. ते एक न्हवं." मी म्हणालो, "हे मी सांगून त्याला पटणार नाय." ती म्हणाली, "मग सांगू नका. जेवायला बोलवा."

एका रविवारी तो आला. मी वालाचं बिरडं केलं, ताजा बांगडा कोकम लावून तव्यावर भाजला, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कोशिंबीर, आणि नाचणीच्या भाकऱ्या. भाकरी बघून त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं आता हा उठणार. त्यानं तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला आणि खाल्ला. खाली मान घालून बराच वेळ खात राहिला. मग म्हणाला, "हे खायला लागू नये म्हणून मी कंपनीत लागलो." बायकोनं त्याच्या वाटीत आणखी बिरडं घातलं. तो म्हणाला, "अर्धी अजून वाढ गं."

जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. बायको आत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मागल्या महिन्यात बाजारातून घरी येताना मी गल्ली चुकलो. चाळीस वर्षांची गल्ली. एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मग आपोआप आठवलं."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? बापाचं बघितलंय मी. तू आलास त्या दिवशी तेच डोक्यात व्हतं. म्हणून तुझ्यावर डाफरलो."

पुढच्या आठवड्यात मी त्याला त्याच डॉक्टरबाईंकडं घेऊन गेलो. रक्तदाब होता, साखरही होती. विसरण्याचं त्या म्हणाल्या, आत्ता फार नाही, पुढं किती जाईल ते सांगता येत नाही, दोन्ही ताब्यात ठेवा आणि दर काही महिन्यांनी दाखवत राहा. त्याला गोळ्या सुरू झाल्या. दर रविवारी तो आमच्याकडं येतो, सकाळी आम्ही दोघं चालायला जातो, आणि जाताना बायको त्याला कडधान्यं आणि जवसाची चटणी बांधून देते. वडापाव त्यानं सोडलेला नाही. आठवड्यातून एकदा खातो आणि आल्यावर स्वतःहून सांगतो. गल्ली त्यानंतर अजून एकदा चुकला, एकदाच. आम्ही दोघंही ते लक्षात ठेवून आहोत आणि त्याच्यावर फारसं बोलत नाही.

यंदा थंडीत बायकोच्या अंगणवाडीत आयांसाठी पदार्थ करून दाखवायचा दिवस होता. ती म्हणाली, "तुमीच चला. मी बोलून दाखवते, ते त्यांना पाठ झालंय." आम्ही कशेळ्यापर्यंत जीपनं गेलो आणि पुढं वाडीपर्यंत चढून. पंचवीसेक बाया, मांडीवर पोरं, सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. बाप्या माणूस चुलीपुढं बसलेला बघून आधी त्या खूप हसल्या. मी मूगडाळ आणि वरीची खिचडी करत होतो, शेवग्याचा पाला घालून. पाला मी डाळीबरोबरच टाकायला घेतला तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "अरं बाबा, आताच कशाला टाकतोस? जास्त शिजून कडू व्हईल. उतरवताना टाक, वाफंवर व्हतो."

मी पाला बाजूला ठेवला. खिचडी शिजली, मग तिच्या सांगण्याप्रमाणे वरून टाकला, झाकण ठेवलं आणि थोडा वेळ थांबलो. झाकण काढलं तर पाला हिरवागार. सगळ्यांना थोडी थोडी वाढली. म्हातारीनं खाल्ली, पोराच्या तोंडात एक घास घातला आणि मला म्हणाली, "बरी झालीय. तू बस आता, तूबी खा." बायकोनं माझ्यापुढं पत्रावळ ठेवली आणि मी जेवायला बसलो. खाली कशेळ्याहून घरी जायची शेवटची जीप सहाला होती, आणि अजून बराच वेळ होता.